सौ.च्या हातातील परकी सुरी

३ मार्च, रविवार

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो, म्हणजे पुढे कोणी तिचा विपर्यास करणार नाही.

एक : मी यंत्र-अभिकल्प, म्हणजे मशीन डिझाइन, या विषयाचा निवृत्त प्राध्यापक आहे. ‘हातअवजारांची मूठ आणि मानवी पकड’ हा माझा पीएच.डी.चा प्रबंध. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आजवर कोणी बाहेर नेलेला नाही, म्हणजे सुस्थितीत असणार.

दोन : सौ.ला लाकूड कोरण्याचा छंद आहे. ती चमचे करते. आम्ही दोघेही काष्ठकला मंडळाचे सभासद आहोत.

तीन : परवापरवापर्यंत ती मी निवडून दिलेल्या सुरीने कोरत असे. आज मंडळात, सर्वांसमक्ष, तिने पिशवीतून दुसरीच सुरी काढली.

चार : ती सुरी माझ्या साडूने बनवलेली आहे.

पाच : साडू दातांचा डॉक्टर आहे.

सहा : महिनाअखेरीस, ३१ तारखेला, मंडळाचे प्रदर्शन आहे. त्यात सौ. लोकांसमोर चमचा कोरून दाखवणार आहे. टेबलावर कार्ड असेल : कोरणार कोण, आणि सुरी कोणाची.

मला राग आलेला नाही. फक्त नोंद करून ठेवतो आहे.

४ मार्च, सोमवार

सौ. आंघोळीला गेलेली असताना सुरीचे निरीक्षण केले.

पाते : आखूड, सरळ पाठीचे. दोन्ही बाजूंना एकेकच सपाट उतार, थेट धारेपर्यंत. परंपरेला धरून आहे, निर्दोष आहे. डॉक्टरचे श्रेय शून्य, कारण पाते बाजारातून विकत आणलेले आहे. पाते विकत आणणारा माणूस सुरी बनवत नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो.

मूठ : अक्रोडाची. आकार : बटाटा. दुसरा शब्द सापडला नाही, शोधला. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. कोणते बोट कुठे ठेवावे याची खूण नाही. अंगठ्याला जागा नाही. सगळे धरणाऱ्यावर सोडून दिलेले. याला अभिकल्प म्हणत नाहीत, अंग काढून घेणे म्हणतात.

जेवताना सौ.ला सहज विचारले, मूठ कशी बनवली म्हणून. तिने अशा उत्साहाने सांगितले, की तो उत्साह माझ्या प्रबंधाच्या वेळी कुठे होता असा प्रश्न पडला. डॉक्टरने म्हणे दातांचे माप घ्यायचा तो गुलाबी लगदा एका काडीभोवती थापला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, चमचा कोरल्यासारखं करत राहा, मी तोवर चहा टाकतो. ही हवेत कोरत राहिली, तो चहा करत राहिला. लगदा घट्ट झाला तेव्हा त्यावर एकाही बोटाचा ठसा धड नव्हता. सगळे ठसे एकमेकांत कालवलेले. या गृहस्थाने तेच लाकडात उतरवले! माझ्या विद्यार्थ्याने असे माप आणले असते तर त्याला दारातून परत पाठवले असते.

सौ. म्हणाली, अहो, पण हातात काय फिरते ती! मी म्हणालो, मूठ धरण्यासाठी असते. फिरायला भोवरा असतो.

ती ‘बरं’ म्हणाली. हे ‘बरं’ मी लग्नापासून ओळखतो.

संकल्प : ३१ तारखेला तिच्या हातात माझी सुरी असेल.

६ मार्च, बुधवार

तात्त्विक पाया पूर्ण. चार बोटांना चार तिरप्या खाचा. डाव्या अंगाला अंगठ्यासाठी खळगा. हात एकदा बसला की हलता कामा नये. पारंपरिक कारागीर शतकानुशतके साधी लंबगोल मूठ करत राहिले, ते त्यांच्याकडे मापनशास्त्र नव्हते म्हणून. त्यांना दोष देत नाही.

आणखी एक नोंद. पीएच.डी. मी आहे. पण मंडळात आणि नात्यात ‘डॉक्टर’ म्हटले की सगळे त्याच्याकडे पाहतात. मला ‘सर’ म्हणतात. आज सौ.ने फोनवर बहिणीला विचारले, डॉक्टर जेवले का? मी समोर बसलो होतो. मी जेवलो नव्हतो.

९ मार्च, शनिवार

पाते घडवले. जुनी कानस घासून आकार दिला, गॅसच्या बर्नरवर लाल केली, तेलात बुडवून पोलादाला पाणी दिले. धूर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त झाला. पुस्तकात यानंतर पाते मंद आचेवर पुन्हा तापवावे असे लिहिले आहे, नाहीतर ते ठिसूळ राहते. सौ.ने ओव्हन देण्यास नकार दिला. म्हणाली, त्यात मी केक करते, तुम्ही कानशी भाजणार?

म्हणून ती पायरी वगळली. तसाही लेखक अति सावध वाटला.

९ मार्च, संध्याकाळ

पाते हातातून निसटले आणि बिस्किटासारखे दुभंगले. दोष फरशीचा. ही फरशी बसवतानाच मी म्हटले होते, फार कडक आहे.

१० मार्च, रविवार

मंडळ. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणतात. त्यांनी सौ.ची सुरी हातात घेतली, दोन ढलप्या काढल्या आणि ‘आहा’ म्हणाले. मग ती सुरी हातोहाती फिरली आणि प्रत्येक जण ‘आहा’ म्हणाला. एवढ्या लोकांना एकच शब्द सुचतो यावरून मंडळाची पातळी समजते. पोस्टमास्तरांनी स्वतःसाठी एक बटाटा सांगितला. आणखी काहींनी सांगितले.

डॉक्टर म्हणाला, साडूभाऊ, दाढ काय नि लाकूड काय, वळवळ कुठं होते ते आधी बघायचं. सगळे हसले. सौ. सर्वांत जास्त हसली. मी याहून कितीतरी चांगले विनोद घरात केलेले आहेत. ती ‘बरं’ म्हणते.

मेहुणी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी शब्दकोडे घेऊन बसली होती. मी विचारले, तुम्ही का कोरत नाही? म्हणाली, भावोजी, मला ते जन्मात जमायचं नाही, प्रत्येक सुरी माझ्याशी वाकड्यात जाते. मी तिला दोषाचे मूळ समजावून सांगितले : तिच्या नवऱ्याच्या मुठींना शास्त्रीय बैठक नाही. ती म्हणाली, आडवा शब्द, पाच अक्षरी, दुसऱ्याचं चांगलं न बघवणारा?

मला सुचला नाही.

११ मार्च, सोमवार

पाते विकत आणले. पूर्ण विचारांती. सुरीचा आत्मा मुठीत असतो. पाते हा केवळ पुरवठा आहे. दुकानदाराने विचारले, डॉक्टर नेतात तेच देऊ का? मी म्हणालो, त्याच्या शेजारचे द्या. शेजारचे नव्हते.

१४ मार्च, गुरुवार

सौ.च्या हाताचे माप हवे, पण तिला कळता कामा नये. आश्चर्याचा धक्का हा योजनेचा भाग आहे. दुपारी ती सोफ्यावर झोपली तेव्हा वर्निअर कॅलिपर घेऊन गेलो. उजवा हात गालाखाली होता. ओढून काढणे अशक्य. डावा मोकळा होता. डाव्याची मापे घेतली. मनुष्यदेह सममित आहे. आकृती उलटवली की उजवा हात तयार होतो.

करंगळीचे माप घेताना ती जागी झाली. हे काय करताय, म्हणाली. मी म्हणालो, तुझा हात हातात घ्यावासा वाटला. ती उठून बसली. मग म्हणाली, कॅलिपरने?

तरी दिवसभर प्रसन्न होती. संध्याकाळी कॉफी न मागता मिळाली. या पद्धतीची शक्यता पुढे तपासून पाहावी.

१७ मार्च, रविवार

मंडळात गेलो नाही. डॉक्टरला बटाट्यांच्या नव्या मागण्या येताना पाहण्यापेक्षा माझा वेळ मोलाचा आहे. सौ. एकटी गेली आणि गाणे गुणगुणत परतली. विचारले नाही. (डॉक्टरने गाडीतून घरी सोडले. गाणे गाडीतले.)

मी घरी आकृती पूर्ण केली. डाव्या हाताची उलटवून उजव्याची, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत. अशी सुबक आकृती मी नोकरीतही काढली नव्हती.

१८ मार्च, सोमवार

लाकूड : अक्रोड नाही. अक्रोड कोणीही घेतो. मी ऑलिव्ह घेतले. रेषा अशा, की बघत राहावे.

आकृती लाकडावर चिकटवली. इथे एक बारकावा, जो डॉक्टरच्या स्वप्नातही येणार नाही. कापताना शाईवर घामाचा हात लागून रेघ फिसकटते. म्हणून शाईची बाजू खाली, लाकडाकडे, ठेवून कागद डकवला. ट्रेसिंग पेपर पारदर्शक असल्याने रेघा वरूनही स्वच्छ दिसतात. रेघ सुरक्षित, हात मोकळा. परिपूर्णता ही अशाच ठिकाणी राहते.

२४ मार्च, रविवार

आठवडाभर काम. खाचा गोल कानशीने उतरवल्या, पॉलिश पेपर बारीक होत गेला, शेवटी जवसाचे तेल. खोलीला आतून कडी. सौ. दाराबाहेरून म्हणाली, आत जिवंत आहात ना, एवढंच सांगा. सांगितले.

मूठ धरून पाहिलेली नाही. ती एकाच हातासाठी बनलेली आहे. माझा पंजा तिच्यात मावतही नाही. शिवाय सिद्धान्त अचूक असेल तर चाचणी हा त्याचा अपमान आहे.

संध्याकाळी पोस्टमास्तरांना फोन करून कार्डाचा मजकूर दिला : ‘सुरी : डॉ.’ आणि पुढे माझे नाव. ते म्हणाले, ‘डॉ.’ लिहिलं तर लोकांना ती डॉक्टरांची वाटेल. मी ‘सर’वर समाधान मानले.

३० मार्च, शनिवार

पेटी तयार. आत निळी मखमल.

सौ.ने बटाटा धार लावून, पुसून, उद्याच्या पिशवीत ठेवला. ठेवू दे. माणूस नवी घेण्याच्या दिवशीही जुनी छत्री बरोबर घेतो.

३१ मार्च, रविवार

काय घडले ते क्रमाने. भावनांना जागा नाही.

सभागृह भरलेले. सौ. एप्रन बांधून टेबलामागे. मी पुढे झालो आणि पेटी तिच्यासमोर ठेवली. तिने झाकण उघडले. मग हळू म्हणाली, ही माझ्यासाठी केलीत? कडी लावून हेच चाललं होतं? तिचे डोळे भरले होते. हे मी स्वतः पाहिले आहे आणि पुढे जे झाले त्याने ते पुसले जात नाही.

तिने सुरी उचलली.

अंगठा खळगा शोधू लागला. खळगा नव्हता. म्हणजे होता, पलीकडच्या अंगाला. खाचा बोटांच्या उलट दिशेने तिरप्या. तिने सुरी फिरवली. अंगठा खळग्यात बसला तर धार आकाशाकडे. धार खाली घेतली तर अंगठा पोरका. दोनतीनदा असे झाले. लोक समोर बसलेले. ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, अहो, ही डाव्या हाताची झालीय का?

पोस्टमास्तर हसले. मागची रांग हसली. डॉक्टर हसला नाही. उलट म्हणाला, साडूभाऊ, लाकूड मात्र काय निवडलंय! हसला असता तर क्षमा केली असती.

सौ.ने सुरी जपून मखमलीवर ठेवली, पेटीवर क्षणभर हात ठेवला आणि पिशवीतून बटाटा काढला. पोस्टमास्तरांनी कार्ड उलटे करून मागे ‘डॉक्टर’ लिहिले. चमचा झाला. टाळ्या झाल्या. चमचा चांगला झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात मेहुणीने पेटीतली सुरी उचलली. डाव्या हाताने. आणि ओरडली, अगं ताई, ही बघ कशी बसली! बहिणीबहिणींचे हात एका मापाचे असतात असे दिसते. मेहुणी डावखुरी आहे, हे मला आज कळले. एवढ्या वर्षांच्या नात्यात कोणी एका शब्दाने सांगितले नाही. तिने सौ.चा उरलेला ठोकळा घेतला आणि एक लांब, सलग, कागदासारखी ढलपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा सुरी माझं ऐकतेय, म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा पडला. मी त्या बाजूला पाहत नव्हतो, पण पडला असणार.

२ एप्रिल, मंगळवार

कारणमीमांसा. आकृती उलटवली होती. शाई खाली ठेवून डकवली, त्यामुळे ती पुन्हा उलटली. दोनदा उलटवलेली वस्तू सुलटी होते. गणित बरोबर आहे. फक्त हात चुकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फरक इतकाच की मी हात दाखवला नाही, मोजला.

ट्रेसिंग पेपर पारदर्शक असणे हा त्या कागदाचा दोष आहे.

सौ. म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, किती मन लावून केलीत. मग मी विचारले, उजव्या हाताची दुसरी करून देऊ का? ती घाईने म्हणाली, नको, नको. दुसरे ‘नको’ टाळता आले असते.

७ एप्रिल, रविवार

परिस्थिती पूर्णपणे पालटली आहे. मेहुणीने शब्दकोडे सोडले. रोज कोरते. मंडळात आज सर्वांना माझी सुरी दाखवत होती : भावोजींनी केली, भावोजींनी! हात वर करून सांगते, की आमच्या घरात आजवर कात्रीसुद्धा माझ्या हाताची नव्हती.

म्हणजे हिशेब असा. त्याची सुरी माझ्या बायकोच्या हातात. माझी सुरी त्याच्या बायकोच्या हातात. बरोबरी. किंबहुना माझे पारडे जड, कारण तिला काहीच येत नव्हते.

डॉक्टर आज मला म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही मोठंच काम केलंत, घरात आता माझ्याशी बोलायलाही वेळ नाही तिला. मत्सर माणसाला किती केविलवाणा करतो! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याला दुसऱ्याचे चांगले बघवत नाही, त्याला औषध नाही.

१० एप्रिल, बुधवार

सौ. बहिणीकडे जाऊन आली. बूट काढता काढता सांगितले, सहज, हवामान सांगावे तसे.

मेहुणीच्या तळहाताला फोड आले. खाचांच्या मधल्या कडा रुतत होत्या. सुरी एकाच पकडीत चांगली चालायची. चमच्याच्या खोलगट भागाशी हात बदलायला गेले की बोटे खाचांतून बाहेर यायला तयार नसत. मग तिने ती नवऱ्याला दिली. नवऱ्याने कानस घेतली. खाचा घासून सपाट केल्या. खळगाही घासून सपाट केला. आता मूठ सगळीकडून गोल आहे.

मी विचारले, गोल म्हणजे कशी?

सौ. म्हणाली, माझ्या सुरीसारखीच. आता कशी छान फिरते! आणि अहो, सगळे लाकडाचं कौतुक करत होते हं.

जेवलो नाही. कोणी विचारले, तर डॉक्टर जेवले नाहीत असे सांगावे.

१३ एप्रिल, शनिवार

सौ. बाजारात गेली होती. अक्रोडाच्या मुठीतील दोष एकदाचे लेखी नोंदवावेत या हेतूने तिची सुरी परीक्षणासाठी घेतली. केवळ परीक्षणासाठी एक ठोकळाही घेतला.

निरीक्षणे : ओढून कापताना हात पुढे सरकला. ढकलताना मागे आला. अंगठा पात्याच्या पाठीवर गेला, मग स्वतःहून खाली उतरला. कोणी सांगितले नव्हते. तिच्या मापाची असूनही माझ्या हातात बसली, हे तर सरळसरळ सिद्धान्ताच्या विरुद्ध आहे. दोष आढळला नाही. एकाच परीक्षणात आढळेलच असे नाही.

चहा निवला. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो : मी चमचा कोरत होतो आणि गुणगुणत होतो. गाणे गाडीतले.

दार उघडल्याचे कळले नाही. सौ. पिशव्या घेऊन उभी. म्हणाली, ती माझी आहे हं. मी म्हणालो, परीक्षण चालू आहे. तिने चमचा उचलून उजेडात धरला, मांडीवरच्या ढलप्यांकडे पाहिले आणि म्हणाली, डॉक्टरांना सांगू का, तुमच्यासाठीही एक?

मी स्पष्ट नकार दिला. या घरातून कोणीही त्या माणसाकडे काही मागणार नाही.

सबब पुढील पत्र मी स्वतः पाठवत आहे. प्रत येथे उतरवून ठेवतो.

‘प्रति, डॉक्टर (दंत).

आपण माझ्या मुठीवर, मला न विचारता, कानस चालवलीत. या कृत्याची भरपाई म्हणून आपण मला एक सुरी देणे लागता, असे माझे मत झाले आहे. खालील बाबींचा खुलासा व्हावा.

गुलाबी लगदा शिल्लक आहे काय? असल्यास मी कोणत्या दिवशी यावे?

मी हवेत कोरत असताना चहा केला जाईल काय?

सौ.च्या मुठीसाठी आपण अक्रोड निवडलेत, तो तिच्यासाठी खास राखून ठेवला होता, की दुकानात समोर आला तो उचललात? माझ्यासाठी कोणता उचलणार?

तिच्या मुठीला पॉलिश पेपर मारताना आपण घाई केलेली दिसत नाही. माझ्या वेळी करणार आहात काय?

सर्व मुद्द्यांची उत्तरे लेखी द्यावीत. फोन करू नये. फोन सौ. उचलते.’